वनशास्त्राचा स्टॉल आणि पोकळ गुलमोहर

सकाळपासून माझ्या स्टॉलवर तिघे आले होते. दोघांनी टॉयलेट कुठे आहे ते विचारलं. तिसरा रिकामी खुर्ची उचलून घेऊन गेला.

अंधेरीच्या एका हॉलमध्ये करिअर फेअर भरलं होतं. मी कोकणातल्या एका सरकारी कॉलेजात वनशास्त्र शिकवते. जंगल वाढवायचं कसं, राखायचं कसं, आणि न संपवता वापरायचं कसं, हा आमचा विषय. आमच्याकडे विदर्भातली मुलं येतात, घाटाखालच्या गावांतली येतात, फॉरेस्ट गार्डची येतात. एकेकाळी वर्गात सगळे मिशावालेच असायचे, आता जवळपास निम्म्या मुली आहेत. मुंबईचं मात्र एखादंच. म्हणून प्राचार्यांनी मला पिटाळलं होतं. "मुंबईची मुलं आणा. जागा रिकाम्या राहिल्या की वरून पत्रं मला येतात, तुम्हाला नाही."

शेजारी ॲनिमेशनवाले. त्यांच्याकडे फुकट पॉपकॉर्न. माझ्याकडे सागाच्या बिया.

दुपारी कांदिवलीचे परब आले. सोबत मुलगी सायली, नुकतीच बारावी झालेली. ती माहितीपत्रक वाचत होती. परबांचं लक्ष पॉपकॉर्नकडे होतं.

"फी किती?" त्यांनी विचारलं.

"हिच्या बारावीच्या क्लासला भरलीत त्याहून कमी. हॉस्टेल, मेस आणि फील्ड टूरचे बूट वेगळे. चार वर्षं. ॲडमिशन सीईटीवर."

"आणि नोकरी?"

"वनखात्याची परीक्षा पास झाली तर रेंजर. नाहीतर नर्सरी, संस्था, कंपन्या. गॅरंटी नाही."

परब हसले. "मॅडम, माझ्या आज्याने गाव सोडून मिल धरली. बापाने चाळीत दिवस काढले. मी कांदिवलीत फ्लॅट घेतला. आता हिला परत रानात धाडू?"

सायली म्हणाली, "पप्पा, तिथे शिकवतात काय ते तरी बघूया ना."

दाखवायला जंगल नव्हतं. पार्किंगमध्ये एक गुलमोहर होता, त्यावर भागवू म्हटलं.

जवळ गेले आणि माझा चेहरा पडला. बुंध्याभोवती गच्च काँक्रीट. एका बाजूला बशीएवढी बुरशी, तपकिरी, लाकडासारखी कडक. ही बुरशी झाड आतून खाते. वर पानं हिरवीगार, खाली पोकळ. मांडववाल्याचा हातोडा मागून घेतला आणि बुंध्यावर मारला. चांगलं लाकूड 'टक' वाजतं. हा 'धब' वाजला.

सायलीने माझ्या हातातून हातोडा घेतला आणि बुंध्याभोवती फिरून ठोकायला लागली. "मॅडम, इकडून पण धब. आणि झुकलाय त्या बाजूला." मग थांबली. "पप्पा, आपली गाडी."

"अगो बाय माझे! चावी खंय आसा?" तोंडून मालवणी निघाली आणि परबांचा कांदिवलीचा फ्लॅट एका क्षणात गळून पडला.

त्यांनी गाडी काढली. मी आयोजक गुप्त्यांना गाठलं.

"इथे गाड्या लावू देऊ नका. झाड पडू शकतं."

"मॅडम, तुम्ही ॲडमिशन द्यायला आलात की माझं फेअर बंद करायला? चांगला हिरवा आहे तो!"

"वरून. आतून वाट लागलीय."

"माझ्याकडे अडवायला दोरी-बिरी काही नाही."

मग सायलीने आणि मी स्टॉलचा बॅनर काढला आणि दोन खुर्च्यांना बांधून झाडासमोर आडवा लावला. त्यावर मोठ्या अक्षरांत 'वनशास्त्र शिका'. गाडीवाले यायचे, बॅनर वाचायचे, भांडायचे. सायली प्रत्येकाच्या हातात हातोडा द्यायची. "काका, मारून बघा ना." मारून झालं की पुढचा प्रश्न ठरलेला असायचा. "हे शिकवतात कुठे?" संध्याकाळपर्यंत माझी माहितीपत्रकं संपली. ॲनिमेशनवाल्यांचा पोरगाही एक घेऊन गेला.

झाड त्या दिवशी पडलं नाही. निघताना गुप्ते हे मुद्दाम सांगायला आले. मी तरीही महापालिकेत तक्रार दिली. काही दिवसांनी पालिकेच्या माणसांनी ते कापून उतरवलं. गुप्त्यांनी मला फोटो पाठवला. पोकळीत बादली बसली असती.

त्या वर्षी मुंबईच्या चार जणांनी ॲडमिशन घेतली. त्यातली एक सायली. प्राचार्यांना वाटलं, मी हवामानबदलावर जोरदार भाषण केलं असणार.

आता दुसरे कोणी मुंबईच्या फेअरला निघाले की मी त्यांना एवढंच सांगते, पृथ्वी वाचवायचं नंतर बोला. आधी पार्किंगमध्ये जा.