दम धरलेलं मशीन

मी कॉम्प्युटर इंजिनिअर. भूतबित, नजर लागणं, अंगात येणं... या सगळ्याची मी आयुष्यभर टिंगल केली आहे आणि आजही करते. त्यामुळे हे वाचून कोणी "ताई, तुम्हीसुद्धा?" असं विचारलं तर माझी पंचाईत आहे. तरी सांगते.

आमचं ऑफिस जळगावात, पिंप्राळ्याच्या रस्त्याला, एका मेडिकलच्या वर. देशभरातले फळांचे व्यापारी आमच्या ॲपवर माल, भाव, गाड्या शोधतात. कोट्यवधी नोंदी. त्या झटकन सापडाव्यात म्हणून त्यांतल्या शब्दांचा भलामोठा इंडेक्स एका मशीनवर चालतो. हे मशीन बसवलं आमच्या सलीमभाईंनी. गेल्या वर्षी ते वारले. लोड वाढला की ते मशीनच्या पत्र्यावर हात ठेवून म्हणायचे, "दम धर, भो." भो म्हणजे भाऊ. आम्ही हसायचो. आम्हाला मात्र ते बजावायचे, "आधी आत बघा, मग बंद करा. मेल्यावर नुसता अंदाज उरतो."

ते गेले आणि आम्ही नेमकं उलटं करायला लागलो. केळीचा बाजार तापला की मेमरी भरायची, मग मशीनची सिस्टीम शोधाचा प्रोग्रॅम, म्हणजे 'सर्च', मारून टाकायची, आम्ही घाईघाईने रीस्टार्ट करायचो. बिघाडाचं कारण काही हाती लागेना. सर्चच्या लॉगमध्ये, म्हणजे नोंदवहीत, फक्त पूर्ण झालेले शोध येतात. जो शोध सर्चचा जीव घेत होता तो त्याच्याबरोबरच जात होता.

शेवटी एका सकाळी पुण्याच्या मुख्य ऑफिसातल्या साहेबांचा फोन आला. "मॅडम, आज पुन्हा पडलं तर सगळं काम इकडे हलवतो." म्हणजे आमच्या ऑफिसला कुलूप. आईजवळ राहता यावं म्हणून मी पुणं सोडून आले होते.

आणि दुपार व्हायच्या आत मेमरी भरली. धुळ्याचा भूषण माझ्यासोबत काम करतो. त्याचा हात की-बोर्डवरच होता. "ताई, रीस्टार्ट मारी टाकू का?"

"थांब," मी म्हटलं. आणि का ते विचारू नका — उठून पत्र्यावर हात ठेवला. "दम धर, भो."

सिस्टीमने सर्च मारायचा हुकूम सोडला. स्क्रीनवर आम्हाला दिसला. सर्च चालूच. पुन्हा हुकूम... तरी चालूच. भूषणने की-बोर्डवरचा हात उचलला. "ताई, हाई मरनं कसं नही?"

"ते नंतर. आत काय चाललंय ते बघ."

आत सावद्याहून, केळीच्या मोठ्या बाजारातून, आलेले शोध अडकले होते आणि प्रत्येक शब्दाच्या आधी चांदणी — की-बोर्डवरचं स्टारचं चिन्ह. शब्दाआधी चांदणी म्हणजे पहिलं अक्षरच माहीत नाही. मग मशीन अख्खा इंडेक्स पहिल्यापासून शेवटपर्यंत चाळतं. सावद्याच्या एका ओळखीच्या अडत्याला, नानांना, फोन लावला. "अरे पोरी, चांदनी लावली का बठ्ठं सापडते, काही सुटत नाही! आमच्या ग्रुपवर सांगेल व्हतं." म्हणजे बाजार उघडला की सगळं सावदा एकदम चांदण्या लावत होतं!

मी सुरुवातीची चांदणी बंद केली, सेव्ह केलं... आणि त्याच क्षणी सर्च शांतपणे बंद पडला. काम झाल्यासारखा. पुन्हा चालू केला, तर मेमरी निम्म्यावर. भर बाजारात निम्म्यावर! भूषणने खुर्चीसकट गिरकी घेतली. साहेब फोनवर म्हणाले, "जळगावचं जळगावातच राहू द्या." मी इतकी खूश कधीच झाले नव्हते.

नंतर त्या मशीनची हुबेहूब नक्कल करून आम्ही तोच लोड टाकून बघितला. पहिल्याच हुकमाला सर्च मरतो. दर वेळी. पत्र्यावर हात ठेवूनही बघितला, हसू नका. सिस्टीमच्या लॉगमध्ये ते न पाळलेले हुकूम अजून आहेत.

जिलबी घेऊन सलीमभाईंच्या घरी गेले. भाभींनी सगळं ऐकलं, डोळे पुसले आणि म्हणाल्या, "एवढ्या वर्षांत घरातलं एकही माणूस त्यांचं ऐकत नव्हतं. मशीनने ऐकलं, चला."