नव्या हाडाचा भरवसा

नव्या वस्तूवर विश्वास ठेवण्याइतका मूर्खपणा जगात दुसरा नाही, असं मानणारा माझ्या थोरल्या काकांएवढा कडवा माणूस अख्ख्या जबलपुरात झाला नसेल. बांधकाम खात्यात ओव्हरसियर म्हणून आयुष्य काढल्याचा तो परिणाम असावा. घरात नवी खुर्ची आली, की तिच्यावर आधी गव्हाचं पोतं बसायचं, मग काकू, आणि सगळ्यांत शेवटी, एक हात भिंतीला लावून, काका. तिलवाऱ्याचा पूल नवा होता तेव्हा नागपूरच्या लग्नाला निघालेली आमची जीप त्यांनी अलीकडेच थांबवली. "पहिले ट्रक जाऊ दे. घाई काहून करून राहिला?" ट्रक सुखरूप गेले, तरी स्वतः उतरून कठड्याच्या कडेनं चालत आले. आम्ही पोचलो तेव्हा पंगती उठल्या होत्या.

अशा माणसाच्या घरात माझ्या पायात नवं हाड आलं. लहानपणच्या आजारानं आखूड राहिलेली नडगी डॉक्टरांनी कापली, बाहेरून लोखंडी कड्यांचा पिंजरा बसवला आणि रोज थोडे थोडे नट फिरवत दोन तुकडे एकमेकांपासून दूर नेले. मधल्या फटीत हाड हळूहळू भरत येतं. ते टिकेल की वाकेल, एवढीच काळजी होती, आणि त्या काळजीचा ताबा काकांनी घेतला. डॉक्टरांनी दिलेला वॉकर माळ्यावर गेला. "कच्च्या स्लॅबवर कोणी नाचतं का रे?" मलाही पाय टेकवायची भीती वाटत होतीच. मी पुस्तकं वाचत पडून राहिलो.

पुढच्या एक्स-रेत ती फट नुसती धुरासारखी दिसली. "पाय टेकवता ना?" डॉक्टरांनी मला विचारलं. काका छाती काढून म्हणाले, "एकदाही टेकू दिला नाही, साहब!" डॉक्टरांनी चष्मा काढला. "काकाजी, यही तो गड़बड़ है. हड्डी बोझ उठा-उठाकर ही पक्की होती है."

घरी आल्या आल्या काकांनी माळ्याला शिडी लावली. वॉकर त्यांनीच उतरवला, धोतराच्या सोग्यानं पुसला. दुसऱ्या सकाळपासून दीक्षितपुऱ्याच्या गल्लीत आमची मिरवणूक सुरू झाली. पुढे हात पसरून उलटे चालणारे काका, मागे मी. "ओ भैया, स्कूटर किनारे! नई हड्डी आ रही है!" मी पाऊल टेकवलं की कळ त्यांच्या चेहऱ्यावर उमटायची, तरी म्हणायचे, "टाक, अजून टाक वजन." पिंजरा निघाला त्या दिवशी, कलिंगड पारखावं तसा त्यांनी माझ्या नडगीला कान लावला. "आतमध्ये काही तडकून तर नाही ना राहिलं?"

"तुमचंच डोकं तडकलं आहे," काकू म्हणाली. "उठू द्या पोराला."

गेल्या उन्हाळ्यात काका गेले. तिरडी उचलताना चुलतभाऊ हळूच म्हणाला, "दादा, तू राहू दे. तुझा पाय..." मी खांदा पुढे केला. काका अंगानं जड होते. गल्लीच्या चढावर पावलागणिक सगळा भार त्या पायावर येत होता, आणि हाड निमूट चाललं होतं. एवढं वजन त्यांनी मला कधीच टाकू दिलं नसतं.