बुधाजीचा ओला डोळा

माझी धाकटी जाऊ केसर दिवसभर सुकट वाळवते आणि उरल्या वेळात मोबाइलवर बघून तैलचित्रं काढते. "चेहरा शिकायचा तर आधी जुन्या उस्तादाच्या चित्राची हुबेहूब नक्कल करा," असं त्यातला मास्तर म्हणाला. तिने इटलीतला पाचशे वर्षांपूर्वीचा एक म्हातारा निवडला. का, तर त्याची टोपी आपल्या कोळ्यांसारखी लाल! पावसाळ्यात होड्या बंद होत्या तोवर ती त्याचीच गालफडं घोटत बसली. दिघीच्या आमच्या कोळीवाड्यात सगळे हसले, मी जरा जास्तच. पण म्हातारा असा उतरला की त्याच्यासमोर पदर सावरावा असं वाटायचं.

मग तिने नवऱ्याचा, बुधाजीचा, चेहरा काढायला घेतला आणि मला धडकी भरली. आमच्याकडे एवढा मोठा चेहरा भिंतीवर चढतो तो माणूस गेल्यावर, हार घालून.

"जित्या मानसाचा फोटू टांगतात काय गो?" बुधाजी कुरकुरला आणि मासेमारीला गेला.

ऐकेल ती केसर कसली! त्यात रंगात घालायचं जवसाचं तेल संपलं, तर पठ्ठीने मुशी माशाचं तेल कालवलं, होडीच्या फळ्यांना लावतात ते. "लाकडाला चालतं, मग मानसाला का न्हाय?"

वारा सुटला. बाकीच्या होड्या परतल्या, बुधाजीची नाही. फोन लागेना. इकडे चित्रातला रंग सुकेना, आणि डावा डोळा हळूहळू गालावर ओघळला. केसर पांढरीफटक पडली.

"पुसून टाक आधी!" मीच ओरडले.

तिने रॉकेलच्या चिंधीने चेहरा पुसला. वर टोपी, खाली सदरा, मधे नुसतं कोरं कापड. ते तर ओघळलेल्या डोळ्याहून भयंकर दिसत होतं. त्या खोलीत जायची आमची छाती होईना.

दुसऱ्या दिवशी उन्हं चढल्यावर होडी आली. इंजिन बंद पडलं होतं, एवढंच. धक्क्यावर आम्ही दोघी रडलो. घरात आल्यावर मात्र बुधाजीने ते चित्र पाहिलं आणि कोऱ्या जागेवर बोट ठेवलं.

"मीच न्हाय हितं," तो म्हणाला. "परत काढ. त्याबिगर होडीवर पाय ठेवनार न्हाय मी."

आता जवसाचं तेल आणलंय. केसर डोळे काढत होती तेव्हा समोर बसलेला बुधाजी पापणीही हलवत नव्हता. रोज सकाळी तो त्या डोळ्याला हळूच बोट लावून बघतो, सुकला का ते. मी हसत नाही. आज होडीत बर्फ भरून झाला होता, खलाशी हाका मारत होते. बुधाजीने बोट लावलं, रंग लागलेलं ते बोट उजेडात धरलं आणि बर्फ उतरवायला सांगितलं.