डोंगरावरचा राब

दाजींना धडधाकट परत आणीन, असा शब्द थोरल्या बहिणीला मीच दिला होता. कशाच्या जोरावर, देव जाणे! चौक गावच्या एका गॅरेजात मी फिटर आणि दाजी, म्हणजे तिचा नवरा, ड्रायव्हर. इराकात रस्त्याच्या कामाला माणसं हवीत असं कळलं आणि आम्ही दोघंही निघालो.

तळ पडला तो कुर्दांच्या डोंगराळ मुलखात. वर डोंगरात कुर्द बंदूकवाले, खाली रस्त्यावर सरकारी फौज, आणि दोघांचं हाडवैर. दाजी पाण्याचा टँकर चालवायचे. वरच्या गावाजवळ झरा होता, तिथून भरून आणायचे.

एकदा तीन दिवस तोफा धडधडल्या, मग गप्प झाल्या. तळावर पाण्याचा थेंब उरला नव्हता. सकाळी दाजींनी टँकर सुरू केला आणि थांबले. समोरच्या उतारावर पाच-सहा ठिकाणी धूर निघत होता, जमिनीलगत, संथ.

"काय रं, जाऊ का नको? धूर दिसतोय."

दिवस वैशाखाचे. आमच्या लोधिवलीला तेव्हा शेताशेतांत असाच धूर असतो. भाताचं रोप जिथं करायचं, तिथं पालापाचोळा, शेण पसरून पेरणीआधी जाळतात, त्याला आम्ही राब म्हणतो. मला मूर्खाला तेच आठवलं. वर हसलो.

"राब भाजतायत हो दाजी. शेतकरीच हायत तेबी. जावा बिनघोर."

"मंग काय भ्यायचं," म्हणाले, आणि गेले.

त्या उतारावर महिनाभर मी गहू उभा बघत होतो. उभ्या पिकात कुणी राब भाजतं का? अक्कल चरायला गेली होती माझी.

तो धूर घरांचा होता. फौजेनं पहाटे गाव पेटवलं होतं, आणि कुर्द वरच्या दगडांआड दबा धरून होते. थोड्या वेळानं वरून बंदुका सुटल्या, खालून तोफा. दरडी गडगडत खाली येत होत्या. मी पाइपांच्या ढिगाआड पालथा पडून दाजींच्या नावानं कुलदैवताला नवस बोलत होतो. दुपारी सगळं थांबलं तसे आम्ही वर गेलो. टँकर तळाकडे तोंड करून वळणावर उभा होता. टाकीची चाळण झाली होती, पाणी अजून गळत होतं. म्हणजे भरून परत येत होते. दाजी स्टिअरिंगवर पडलेले. गोळी कुणाची, ते कुणालाच सांगता आलं नाही.

घरी आलो तेव्हा ताईनं एकच विचारलं, "त्यांना जावा म्हनून सांगितलं कुनी रं?"

"तळावरच्या साहेबानं," मी म्हणालो.

"त्याचं तळपट होवो!"

दरवर्षी तिच्या शेतातला राब मीच पेटवतो. तिच्या घरात दुसरा पुरुष नाही. "तू हायस म्हनून बरं हाय," म्हणत काड्यापेटी माझ्या हातात देते. धूर उठला की पदर डोळ्याला लावते आणि त्या साहेबाला पुन्हा शिव्याशाप देते. मी शेजारी उभा राहून ऐकतो.