सुरमई घरी, आम्ही वेंगुर्ल्याला

डिसेंबरच्या सुट्टीत वेंगुर्ल्याला जायचं हे ठरवायला आम्हाला दहा मिनिटं लागली. घर बंद कसं करायचं हे ठरवायला तीन आठवडे.

माझा नवरा मिलिंद ऐरोलीला एका कंपनीत कॉम्प्युटरवर काम करतो, पण घणसोलीच्या आमच्या सोसायटीत त्याला लोक ओळखतात ते ग्रुपवरच्या पोस्टमुळे. ‘सुट्टीवर जाताना घ्यायची काळजी’, एकूण बावीस कलमं. गॅसचा नॉब, बाथरूमचे नळ, बाल्कनीतल्या कुंड्या, सगळं त्यात आहे. सगळ्यात गाजलेलं कलम चौथं: आपण गावाला जातोय हे कुणालाही सांगू नये. दूधवाला, पेपरवाला, मासळीवाली यांना तर मुळीच नाही.

त्यामुळे निघायच्या आदल्या दिवशी मी हिराताईशी खोटं बोलले.

हिराताई शेजारच्या तळवली गावातली. वीस वर्षं आमच्या इमारतीत मासळी घेऊन येते. माझ्या सासूबाई शेवटची दोन वर्षं अंथरुणाला खिळून होत्या, तेव्हा दुपारी पाटी रिकामी झाली की ती त्यांच्याजवळ येऊन बसायची. सासूबाई जाऊन आता दोन वर्षं झाली. त्या दिवशी हिराताई दारात आली आणि मी म्हटलं, “आठवडाभर नको गं. मार्गशीर्ष पाळतोय.”

“सगला आठवडा? गुरवारचाच पालतात ना?”

“या वर्षी सगळा.”

तिने माझ्याकडे नीट पाहिलं, पाटी उचलली आणि गेली. माझ्या फ्रीजरमध्ये तिच्याकडूनच रविवारी घेतलेली अर्धी सुरमई होती.

दिवस पहिला: घणसोली ते कोल्हापूर

पहाटे साडेपाचला निघालात तर ठाणे-बेलापूर रोड रिकामा मिळतो आणि कळंबोलीला स्टीलचे ट्रक जागे व्हायच्या आत तुम्ही एक्स्प्रेसवेला लागता. आम्ही साडेसहाला निघालो, कारण मिलिंद गाडीपासून तीनदा वर गेला. एकदा गॅस पाहायला, एकदा नळ पाहायला, आणि एकदा गॅस खरंच पाहिला होता का ते पाहायला. कळंबोलीत दोन ट्रेलरांच्या मध्ये अर्धा तास काढला.

खंबाटकीच्या अलीकडे पोहे खायला थांबलो. मिलिंदने मोबाइल काढला. दिवाणखान्यात त्याने खास या सहलीसाठी कॅमेरा बसवला होता. पडद्यावर काळोख.

“लाइन तोडली कुणीतरी,” तो म्हणाला. चमचा खाली ठेवला. “सहा वाजून चोवीस मिनिटांनी. आपण निघालो आणि लगेच. म्हणजे पाळत होती.”

आमची चौदा वर्षांची ईरा पोहे खाता खाता म्हणाली, “बाबा, निघताना तुम्ही मेन स्विच बंद केलात ना?”

“अर्थात. कलम बावीस.”

“मग कॅमेरा कशावर चालणार?”

पोहे संपवून आम्ही पुन्हा गाडीत बसलो. मग मला फ्रीज आठवला. मग सुरमई आठवली.

तरी घाबरायचं कारण नव्हतं. आमची एक किल्ली समोरच्या साठेकाकांकडे होती. आदल्या संध्याकाळी मिलिंद ती ‘सहज असू दे तुमच्याकडे’ म्हणून देऊन आला होता. फोन लावला.

“अरे, आम्ही नाशिकला! लेकीकडे,” काका खुशीत होते. “सकाळीच निघालो. तुझ्याच पोस्टप्रमाणे बरं का, कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही!”

“आमची किल्ली?”

“सुरक्षित आहे. आमच्या कपाटात. आणि आमची तुझ्याकडे आहेच.”

होतीच. काकूंनी काल दुपारी तीही ‘सहज असू दे’ म्हणून दिली होती. ती आमच्या कपाटात होती. दोन्ही घरं अतिशय सुरक्षित होती. गरज पडली तर आत शिरू शकेल असं कुणीच मागे उरलं नव्हतं.

“थंडीचे दिवस आहेत,” मिलिंद म्हणाला. “टिकेल.” आमच्याकडे थंडीत पंखा तीनवर असतो.

कोल्हापूरला चार वाजता पोचलो. स्टँडजवळ साधी, स्वच्छ खोली दोन हजारांत मिळाली. रात्री तांबडा-पांढरा. पांढरा रस्सा ज्यांनी प्यायला नसेल त्यांनी तेवढ्यासाठी इथे मुक्काम करावा.

दिवस दुसरा: आंबोलीमार्गे वेंगुर्ला

सकाळी मिसळ खा, पण सूचना म्हणून सांगते, ‘कमी तिखट’ असं काही कोल्हापुरात नसतं. ईराने मागितली, तर मालक तिच्याकडे काळजीने बघत म्हणाला, “बरं नाही काय बाळाला?”

निपाणी ओलांडून संकेश्वरहून डावी-उजवी विचारत गडहिंग्लज, मग आजरा. आजऱ्यात घनसाळ तांदूळ घ्या. शिजताना वासानेच भूक लागते. आंबोलीचा घाट दुपारी उतरलो. धबधबा डिसेंबरात बारीक होतो, त्यामुळे गर्दीही बारीक होते. वळणावळणावर माकडं. मिलिंदने एका माकडाकडे बोट दाखवून गाडीच्या काचा वर करायचं महत्त्व सांगितलं. तेवढ्यात दुसऱ्याने ईराच्या हातातला केळ्याचा वेफर नेला.

वेंगुर्ल्यात बंदराच्या वरच्या अंगाला एका घरात उतरलो. पोफळीच्या बागेत तीन खोल्या, जेवण घरचंच, मालकीणबाई स्वतः वाढतात. खोलीचे अठराशे, जेवण वेगळं. संध्याकाळी बंदरावर गेलो. होड्या किनाऱ्याला लागत होत्या, बायका जाळ्यातून मासे सोडवत होत्या. मी समुद्राकडे पाहत होते, मिलिंद काळ्या पडद्याकडे.

दिवस तिसरा: वेंगुर्ला, पण मन सातव्या मजल्यावर

सकाळी घावणे आणि ओल्या खोबऱ्याची चटणी. त्यानंतर सागरेश्वरचा किनारा: लांबच लांब, सुरूची झाडं, आणि आमच्याशिवाय दोन कुत्री. इथवर सगळं छान होतं. मग सोसायटीचा ग्रुप जागा झाला.

‘सातव्या मजल्यावर वास कसला येतोय?’

‘ड्रेनेज असेल.’

‘गॅस लीक?’

‘असा वास मी एकदा आधी घेतला आहे. जास्त बोलत नाही.’

अकरापर्यंत पोलिसांना कळवावं की आधी दार तोडावं यावर चर्चा आली. मिलिंद एकेक मेसेज वाचत होता आणि वाळूत आणखी आणखी रुतत होता.

“सांगून टाक,” मी म्हटलं. “आपली सुरमई आहे म्हणून.”

“मी? पोस्ट माझी आहे, वैशाली. लोक काय म्हणतील?”

दुपारी जेवायला बसलो आणि हिराताईचा फोन आला. मी नको तेवढ्या घाईत उचलला.

“वैनी, कुठं हाव?”

“इथेच... बाहेर आलेय जरा.”

“तुमच्या मजल्यावर वास येतोय. सेक्रेटरी बोलतो माज्या पाटीचा हाय. उद्यापासून बिल्डिंगीत पाय ठेवायचा नाय बोलला.” तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली गेला होता. “वीस वरसं झाली मना. ताज्या मासलीचा वास येगला, सरलेलीचा येगला. हा तुमच्या दारातनं येतोय. कुनी हाय का घरात? सगलं बरं हाय ना?”

मी काही बोलणार तेवढ्यात मालकीणबाई कढई घेऊन आल्या आणि खणखणीत आवाजात म्हणाल्या, “वयनी, आणखी एक बांगडो वाडू काय?”



“मार्गशीर्ष,” हिराताई म्हणाली.

आयुष्यात इतकी लाज मला क्वचित वाटली असेल. मी सगळं सांगितलं: सहल, मेन स्विच, फ्रीज, साठेकाका, दोन्ही किल्ल्या. तिने मध्ये एकदाही अडवलं नाही.

“किल्ली हाय माझेकडं,” ती म्हणाली.

“कुठली?”

“तुमच्या घराची. आजीनं दिलती. त्यांना उठता यायचं नाय, दार कोन उघडनार? बोलल्या, ठेव तुझ्याकडं. मंग त्या गेल्या. कुनी मागली नाय, मी बोलली नाय.”

“उघडशील?”

“उघडते. ते पोलीस यायच्या आत उघडते.”

फोन ठेवला. मिलिंदचा चेहरा वासापेक्षा वाईट झाला होता. “चार वर्षं तिच्याकडे आपली किल्ली होती? आपण ऑफिसात असताना? ती केव्हाही...”

“हो,” मी म्हटलं. “केव्हाही. आणि एकदाही नाही.”

“घरी गेल्यावर लॅच बदलायला हवं,” तो पुटपुटला. ईरा ताटावरून उठून गेली. ती बापावर अशी चिडलेली मी पाहिली नव्हती.

वीस मिनिटांनी त्याच्या मोबाइलवर चित्र उमटलं. हिराताईने मेन स्विच लावला होता. नाकाला पदर बांधून ती दिवाणखान्याच्या कोपऱ्यातल्या फ्रीजसमोर बसली होती. खाली पाण्याचं तळं साचलेलं. तिने काळ्या पिशवीत सगळं भरलं, फ्रीज पुसला, फरशी पुसली, लिंबू शोधून पुन्हा पुसली. मग हात धुऊन ती सासूबाईंचा पलंग होता त्या खिडकीशी गेली आणि भिंतीला टेकून जमिनीवर बसली. बहुतेक दमली असेल. त्या दोघी दुपारी काय बोलायच्या ते मी कधीच विचारलं नव्हतं.

मिलिंद बघत राहिला. मग त्याने मोबाइल पालथा ठेवला.

“हे आपण बघायला नको,” तो म्हणाला.

बांगडा गार झाला होता. तो हात धुऊन आला आणि ग्रुपवर लिहायला लागला. चार वेळा खोडलं. शेवटी पोस्ट गेली: ‘वास आमच्या घरातला होता. मेन स्विच मी बंद केला होता, फ्रीजमध्ये मासे होते. हिराताईंचा काही संबंध नाही, उलट त्यांनीच घर साफ केलं. सेक्रेटरींनी त्यांची माफी मागावी. मीही मागणार आहे.’  मग साठेकाकांनी विचारलं, ‘म्हणजे आमचाही फ्रीज बंद आहे का रे?’

चौथा दिवस आम्ही काहीच केलं नाही. वेंगुर्ल्याला तसाच एक दिवस ठेवा, असा माझा मनापासून सल्ला आहे.

घरी

परतीचा प्रवास एका दमात केला, तेरा तास लागले. निम्म्या वाटेवर वाटलं की कराडला मुक्काम करायला हवा होता, तुम्ही करा.

घरात फिनेलचा आणि लिंबाचा वास होता. चपलांच्या कपाटावर हिराताईकडची आमची किल्ली ठेवलेली होती.

दुसऱ्या दिवशी हिराताई आली. सेक्रेटरी तिच्याशी ‘गैरसमज झाला’ एवढंच बोलला होता. मिलिंदने मात्र नीट, तिच्याकडे बघून माफी मागितली आणि किल्ली पुढे केली. “राहू दे तुमच्याकडे.”

“नको भाऊ. आजीनं दिली ती येगली गोष्ट. तुमाला रातची झोप नाय लागनार.” हे ती हसत म्हणाली, पण किल्ली घेतली नाही. मी आग्रह केला नाही. खोटं मी बोलले होते. ते एका चहात फिटणारं नव्हतं. साफसफाईचे पैसेही तिने घेतले नाहीत, आणि महिनाभर ती आमच्याकडे जरा कमीच बसली.

आता सहलीतून काय उरलं म्हणाल, तर पाच किलो घनसाळ, ईराने गोळा केलेल्या शिंपल्या आणि ग्रुपवरून काढून टाकलेली एक पोस्ट. बाकी हिशेब मला नीट लागला नव्हता.

जानेवारीच्या शेवटी हिराताई सकाळी दारात आली. पाटी नव्हती. अंगावर चांगली साडी, हातात एक जुनी पितळी किल्ली.

“लेकीकडं चालली उरनला, चार दिस. तुमी येऊन कोंबड्यांना दाने टाका. डबा दारामागं हाय.”

मिलिंद सुट्टीचा पेपर वाचत होता, ताडकन उठला. त्याने किल्ली दोन्ही हातांनी घेतली. “कुणाला सांगितलं नाहीत ना, जाताय म्हणून?”

“सगल्या गावाला सांगितलंय. येताना काय काय आनायचं ते इचारून आली ना.”

“अहो, मग कुलूप कशाला लावताय?”

“दार सैल हाय,” हिराताई म्हणाली. “वाऱ्यानं उघडतं, मंग कोंबड्या घरात शिरतात.”