‘घेता का?’ एवढ्यावर

माझ्या ड्रायव्हरला एका डॉक्टरने फसवले आणि त्या डॉक्टरचा कागद पुढे करून कंपनीने मला फसवले.

नव्वदच्या दशकातली अखेरची वर्षे. नाशिकच्या एका केमिकल कारखान्यात कामगारांची ने-आण करायला माझ्या बस लावलेल्या होत्या. मी बसवरच्या क्लीनरपासून मालकापर्यंत आलो, त्यामुळे पिणारा ड्रायव्हर मला गाडीचे दार लावण्यावरून कळतो. असे दोघे मी स्वतः हाकलले होते. मग कारखान्याने नियम काढला की चालकांची व्यसनाची तपासणी तज्ज्ञाकडूनच व्हायची. मी विरोध केला नाही. बसभर माणसे ज्याच्या हातात आहेत, त्याला तपासायलाच हवे.

तज्ज्ञ म्हणजे इंदिरानगरचा एक मऊ बोलणारा डॉक्टर. त्याच्याकडे मी माझा सगळ्यात जुना ड्रायव्हर पाठवला. हरसूलकडचा, दारूला जन्मात न शिवलेला; तंबाखू मात्र दिवसभर दाढेखाली. डॉक्टरने त्याला आधी बाहेर जाऊन तंबाखू थुंकायला लावली. तो चूळ भरून परत येऊन बसला, आणि पहिला प्रश्न आला, "घेता का?"

सभ्य माणूस. ‘दारू’ म्हटले असते तर जीभ विटाळली असती.

ड्रायव्हर म्हणाला, घेतो. कमी करावीशी वाटते का? वाटते. घरचे बोलतात? बायको रोज बोलते. सकाळी उठल्याउठल्या लागते का?

"लागते ना साहेब. त्याबिगर पोट साफ व्हत नाय."

डॉक्टरने गंभीरपणे मान हलवली आणि लिहिले: दारूच्या पूर्ण आहारी, वाहन चालवण्यास अयोग्य. ना नळीत फुंकायला लावले, ना रक्त काढले. दहा मिनिटांत एक माणूस दारुडा झाला.

मी दुसऱ्या दिवशी जाऊन बसलो. म्हटले, त्याला तुम्ही तंबाखूचे विचारताय असे वाटले. माझ्यासमोर एकदा ‘दारू’ म्हणून विचारा.

"प्रश्न ठरलेले असतात," तो म्हणाला. "आणि अशी माणसं नाहीच म्हणतात हो."

"पण तो तर हो म्हणाला."

"मग? स्वतःच कबूल केलं ना."

या अकलेवर लोक पाटी लावून बसतात!

कंपनीच्या साहेबाकडे गेलो. डिझेलपासून टायरपर्यंत सगळ्यांशी घासाघीस करून मी उभा राहिलो आहे. तिथे फक्त दुसऱ्या डॉक्टरकडून तपासणी मागत होतो. साहेबाने फायलीवरून नजर उचलली नाही. "शेठ, दुसरा ड्रायव्हर द्या. नाहीतर दुसरा ठेकेदार बघतो."

मी दुसरा ड्रायव्हर दिला. ते मला आजही बोचते.

डॉक्टरचा तो कागद मग इतर कारखान्यांतही माझ्या जुन्या ड्रायव्हरच्या आधी पोहोचायचा. बस कुणी देईना. शेवटी तो दिंडोरीला द्राक्षबागेत फवारणीच्या ट्रॅक्टरवर लागला. हरसूलच्या बाजारात पिऊन झिंगलेले लोक त्याला बोलावून विचारायचे, "काय दाजी, आमच्यापरीस जास्त व्हती व्हय तुमची?"

डॉक्टरची पाटी अजून आहे, आता मोठी झाली आहे. त्याने हरसूलला बाजाराच्या दिवशी यावे आणि त्या माणसाच्या बायकोसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगावे की मी दारूचे नाव घेऊन विचारलेच नव्हते. येत नसेल, तर का येत नाही ते मला लेखी कळवावे.