उजव्या हाताचे टक्के

बाबांचा हात ट्रॉलरवर जाळं ओढायच्या विंचमध्ये सापडला तेव्हा मी बारावीत होते. बोटं वाचली, पण नुसती दिसायला. बँडेज सुटलं तेव्हा उजवा पंजा अर्धवट मिटलेला, ताठ, आणि चटका बसला तरी न कळणारा झाला होता. नाटे बंदरावर तांडेल, म्हणजे बोटीचे प्रमुख, म्हणून त्यांचा शब्द चालायचा. आता त्यांना बोटीवर घ्यायला कोणी तयार होईना.

अपंगाचं सर्टिफिकेट काढलंत तर पेन्शन लागू होईल, असं ग्रामसेवकांनी सांगितलं. फॉर्म मी भरला, आणि डॉक्टरांचा तपासणी बोर्ड बसायच्या दिवशी पहिल्या एसटीने त्यांना घेऊन रत्नागिरीला सरकारी रुग्णालयात गेले. दोन हजार सालच्या आसपासची ही गोष्ट.

तिथे माझा पाय एका जागी ठरत नव्हता. नंबर पुकारला आणि आपल्याला ऐकूच आलं नाही तर? रेशनकार्डाची झेरॉक्स चालेल की नाही? दर पाच मिनिटांनी मी बाकावरून उठून नोंदणीच्या खिडकीशी जात होते. तिथल्या बाईंनी शेवटी सांगितलं, "अगं, बस ना. आणि चाळीस टक्क्यांच्या खाली आलं तर उपयोग नाही हं, एवढं लक्षात ठेव." मग तर मला बसवेचना. बाबा मात्र इस्त्रीचा शर्ट घालून, हात मांडीवर ठेवून शांत.

आत डॉक्टर एकेक विचारत गेले. "शर्ट घालता येतो?"

"येतो."

"जेवता येतं?"

"न यायला काय झालं?"

"नाडी बांधता येते?"

बाबांनी टेबलावरच्या फायलीची नाडी ओढली, डाव्या हाताने आणि दातांनी अशी झटक्यात गाठ मारली की डॉक्टर हसले. "वा, तांडेल!" बाबाही हसले. मी मागे उभी राहून नखं कुरतडत होते. कागदावर तीस टक्के आले.

एसटी स्टँडवर मी त्यांच्यावर ओरडले. आयुष्यात पहिल्यांदाच. "तुम्हाला शाबासकी हवी होती का पेन्शन?"

"येत नाय, असं सांगू काय गो मी? परक्या माणसाला?" एवढंच म्हणून ते गाडीत चढले आणि नाटे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिले.

फेरतपासणीचा अर्ज मी त्यांना न विचारताच टाकला. मध्ये कित्येक महिने गेले. पोस्टमन दिसला की मी वाटेत गाठायची. घरात आमचं बोलणं कामापुरतं. बोलावणं आलं तेव्हा वाटलं होतं बाबा यायचे नाहीत. पण ते आदल्या दिवशीच दाढी करून तयार होते.

या वेळी तरुण डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी बाबांचा डावा हात टेबलावर ठेवायला लावला. "हा इथेच राहू दे काका. आता फक्त उजव्या हाताने शर्टाचं वरचं बटण काढा आणि परत लावा."

बटण कसंबसं निघालं. लागेना. वाकडी बोटं काजापाशी जायची आणि घसरायची. बाबांच्या कपाळावर घाम आला. माझा हात आपोआप पुढे गेला, तशी बाईंनी मान हलवून मला थांबवलं. "घरी कोण लावतं?" त्यांनी हळूच विचारलं.

बाबा बटणाकडेच बघत म्हणाले, "हिची आई."

"जेवताना?"

"कालवून देते. चमच्यानं खातो. पोरांनी बघू नये म्हणून मागल्या पडवीत बसतो."

मला वाटत होतं, ते आमच्यावर रागावून पडवीत जेवायला बसतात. सकाळी स्वयंपाकघराचं दार लोटलेलं असायचं तेव्हा आई देवपूजा करते असं मी धरून चालले होते. वर्षभर एका घरात राहून मला यातलं काही माहीत नव्हतं, आणि मी त्यांना स्टँडवर चारचौघांत बोलले होते. तिथून पळून जावंसं वाटलं. पण बाबांनी बटणाचा नाद सोडला नव्हता, म्हणून उभी राहिले.

पंचावन्न टक्के आले. पुढे तलाठी, उत्पन्नाचा दाखला, राजापूरच्या तहसीलदार कचेरीत चार खेपा, आणि पावसाळा संपता संपता पेन्शन सुरू झालं. मी स्टँडवरच्या बोलण्याबद्दल माफी मागायला गेले, तर त्यांनी हाताने 'असू दे' केलं. त्यांना त्यावर बोलायचं नव्हतं.

पुढच्या वर्षी पायाने अधू असलेल्या शेजाऱ्याला घेऊन बाबा आपणहून बोर्डाला निघाले. "विचारतील ते खरं सांग, लाजू नको," असं ते अंगणात त्याला बजावत होते. मीही येते म्हणून पिशवी उचलली.

"तू नको," बाबा म्हणाले. "तू तिथं एका जागी बसत नाय, मग मलापण बसवत नाय."